शैलाताई, तुझं अंग तयार होतं

शैलाताई,

त्या रविवारी मैदानावर तुझं नाव पुकारलं. एकदा, पुन्हा एकदा, मग जरा वैतागून. आपल्या जिममधली सुनंदा तिथं बघायला गेली होती, तिनं मला नंतर सांगितलं. माईकवरच्या माणसानं तुझं नाव घेतलं, दाजींचं नाव घेतलं, आडनाव घेतलं, थोडा वेळ थांबला आणि "गैरहजर" म्हणून पुढच्या बाईला बोलावलं. सुनंदाला तोवर काहीच कळलेलं नव्हतं. ती आपली गेटकडे बघत राहिली, की आता येशीलच तू धापा टाकत, रस्त्यावरच्या गर्दीला शिव्या घालत.

त्या वेळी तू चिंचवडच्या दवाखान्यात होतीस. मी आयसीयूच्या बाहेर लोखंडी बाकावर बसले होते. माझ्या पायात मैदानावरचे बूट होते. ते मी कधी घातले, का घातले, मला आठवत नाही. फोन आल्यावर माणूस पायात येईल ते घालून निघतो, तर मी बूट घालून, नाडी नीट दुहेरी बांधून निघाले होते. तू शिकवली होतीस तशी.

सगळे म्हणतात, आता हळूहळू सावरशील. सावरायचं नंतर बघू. मला अजून ते खरंच वाटत नाही. सकाळी तुझ्या अंगाला घाम होता. माझ्या हातावर टाळी देऊन तू गेलीस. संध्याकाळी तू नाहीस म्हणजे काय? मधे काहीतरी असायला हवं ना? आजारपण, धावपळ, डबे नेणं, रात्री जागणं. त्यातलं काहीच मला मिळालं नाही. तू मला तुझी सेवा करायलाही वेळ दिला नाहीस.

तू मला पहिल्यांदा भेटलीस ती जिन्यात. लिफ्ट बंद पडली होती आणि मी पाण्याचा जार खांद्यावर घेऊन वर चढत होते. तू वरून उतरत होतीस. दुसरं कुणी असतं तर बाजूला सरकलं असतं. तू जिन्याच्या मधोमध उभी राहिलीस.

"ए बाई, थांब. कुठली तू?"

"उदगीरची. अहो काकू, जड आहे, जाऊ द्या ना."

"काकू कुणाला म्हनती? कामाला हाय का कुठं?"

"हो, निघोज्याला, कंपनीत."

तू माझ्याभोवती एक चक्कर मारलीस, गाय बघायला आल्यासारखी. मग म्हणालीस, "गोळा टाकशील का?"

मला वाटलं, ही बाई मला बर्फाच्या गोळ्याची गाडी टाकायला सांगतेय. सोसायटीची जमीन तुमच्या घराण्याची होती, खालचे गाळे तुमचे, एवढं मला माहीत होतं. गेटपाशी जागा देत असेल. मी अगदी नम्रपणे म्हणाले, "नको हो, मला कंपनीत पर्मनंट व्हायची आशा आहे."

तू जिन्यावरच बसलीस. पोट धरून हसलीस. जार माझ्या खांद्यावर तसाच. डोळे पुसत म्हणालीस, "लोखंडाचा गोळा गं! फेकायचा! ह्या खांद्यानं!"

अशी मी तुझ्या जिममध्ये आले. जिम म्हणजे त्या गाळ्यांमधला कोपऱ्यातला एक. दाजींना तो मेडिकल दुकानाला भाड्याने द्यायचा होता, तू हट्टानं अडवून ठेवलास. एक आरसा, दोन बार, थोड्या प्लेटा, भिंतीवर आपटायचा जड चेंडू. सकाळी सोसायटीतल्या आणि गावठाणातल्या बाया. कुणी पाठ दुखते म्हणून, कुणी लग्नात साडी नेसायची म्हणून. आणि तू. शाळेत असताना गोळा फेकणारी, लग्नानंतर सगळं सोडून दिलेली, आणि लेक स्नेहल कॉलेजात गेल्यावर एक दिवस तेच पुन्हा हातात घेतलेली बाई.

सुरुवातीला मी तुला अहो-जाहो करायचे. तू मला मैदानावर ताडकन म्हणालीस, "मी गोळा उचलल्यावर काय म्हणशील? 'टाका हो ताई, टाका'? तवर माझा जोर निघून जाईल. 'टाक' म्हण." तेव्हापासून तू. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीलाही मी तू म्हणत नाही.

आणि तो आपला वाद. तो तर अर्धाच राहिला.

प्रौढांच्या स्पर्धांसाठी तू एका शिबिराला गेली होतीस. तिथून आल्यावर तुझं एकच सुरू झालं. स्पर्धा संध्याकाळी असेल तर सकाळी झोपून राहायचं नाही. सकाळी हलकं वजन घ्यायचं. थोडंच, पण चपळाईनं. मग घरी जायचं, खायचं, आराम करायचा, आणि काही तासांनी मैदानावर उतरायचं. तिथं पुन्हा नेहमीचा वॉर्मअप करायचा तो वेगळाच. सकाळचं हे आधी अंगाला जागं करून ठेवणं.

मला ते पटेना. मी कंपनीत उभं राहून पार्ट तपासणारी बाई. माझं सगळं आयुष्य ताकद वाचवण्यात गेलंय. शिफ्टमध्ये ओव्हरटाइम लागणार असेल तर मी सकाळपासून कमी बोलते. मी म्हणाले, "ताई, संध्याकाळी लागणारी ताकद सकाळी कशाला खर्च करायची? टाकीत पाणी असतं तेवढंच असतं."

"अंग म्हंजी टाकी न्हाई," तू म्हणालीस. "अंग म्हैस हाय. धार काढायच्या आधी पान्हवावी लागती."

मग मी करून बघितलं. कधी संध्याकाळी गोळा हातातून असा सुटायचा की मलाच भीती वाटायची. कधी काहीच फरक पडायचा नाही. सुनंदाला तर त्याने कधीच फरक पडला नाही, ती उलट पेंगायची. तू मान्य करायचीस ते. "सगळ्यांना सारखं लागू पडत न्हाई, शिबिरातल्या सरांनी बी सांगितलंय. ज्याचं त्यानं बघायचं."

मी म्हणायचे, हे सगळं मनाचं आहे. सकाळी काहीतरी केलं म्हणून तुला वाटतं आपण तयार आहोत, आणि वाटतं म्हणून गोळा लांब जातो. तू म्हणायचीस, मन कशाला मधे आणती, अंगाला त्याची त्याची अक्कल असती. बसस्टॉपवर, जिममध्ये, तुझ्या ओट्यापाशी, कुठंही तो वाद पुन्हा सुरू व्हायचा. दाजी पेपर वाचता वाचता म्हणायचे, "ह्या दोघींना एकाच वेळी घास भरवा." बस्स, तेवढाच त्यांचा तुझ्या खेळाशी संबंध. तू फेकतेस हे त्यांना माहीत होतं. मैदानावर ते कधी आले नाहीत. कधी साइटवर, कधी तालुक्याला, कधी पाहुण्यांकडे. तू त्याबद्दल कधी बोलली नाहीस. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, "त्यांना तिथं आणून बसवलं, तर मला त्यांच्याकडं बघावं लागंल. गोळ्याकडं कोण बघंल?" आणि बाटलीचं झाकण उगाच घट्ट करत बसलीस.

मागल्या हिवाळ्यात तुझी फजिती झाली त्याची तुला कुणी आठवण करून दिलेली आवडायची नाही. आज मी देणार. जिममध्ये नव्या पोरी आल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर तुला चढली. स्पर्धेच्या दिवशी सकाळी तू बारवर प्लेटा चढवत गेलीस. मी सांगत होते, ताई पुरे. "थांब गं, अजून एक." संध्याकाळी वर्तुळात उभी राहिलीस, वळलीस, आणि गोळा तुझ्या पायापासून जरा पुढे पडला, हातातून लाडू निसटल्यासारखा. पंचसुद्धा वाकून बघायला लागले. तू तिथंच कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "माझा दंड घरीच राहिला वाटतं."  परत येताना पिंपळे सौदागरच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणालीस, "हलकं म्हंजी काय ते आज कळलं. ठेवून देताना अजून करावंसं वाटलं पाहिजे. तिथं थांबायचं."

तेव्हापासून तुझा तोच नियम. पोरींना तू तसंच सांगायचीस.

आता त्या रविवारचं.

माझी तिसरी शिफ्ट होती. कंपनीच्या बसमधून उतरून मी घरी न जाता थेट तुझ्याकडे आले, कारण तू शटर उघडून उभी होतीस. मी म्हणाले, "ताई, रात्रभर उभी आहे. आज मला झोपू दे."

"झोप की. कोण नको म्हणतंय? आधी हे कर, मंग झोप. चारला मैदानावर ये."

आपण दोघींनी केलं. बारवर लहान प्लेटा लावून थोड्या बैठका. खाली सावकाश, वर झटक्यात. मग रिकामा बार डोक्यावर ढकलणं. जागच्या जागी थोड्या उड्या. भिंतीवर चेंडू. मधे भरपूर विश्रांती, त्यात तुझ्या गप्पा. स्नेहलला स्थळ आलंय, मुलगा बरा आहे पण फार हळू जेवतो. तू त्याच्या जेवण्याची नक्कल केलीस. मी हसले. तू चेंडू ठेवलास, म्हणालीस, "बघ, अजून करावंसं वाटतंय. म्हंजी झालं." टाळी दिलीस. शटर ओढलंस.

ताई, तू मधे कपाळाला हात लावला होतास का?

मला सांग. कारण मला दिसतं, चेंडू टाकल्यावर तू डाव्या हाताने कपाळ दाबलंस, क्षणभरच. पण पहिल्या दिवशी मला हे दिसत नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, डोकं दुखतंय म्हणाल्या होत्या का, त्यानंतर दिसायला लागलं. मी ते खरंच पाहिलं, की नंतर माझ्या डोक्यानं जोडलं? घाम पुसलास का नुसता? ते आता कुणालाच सांगता येणार नाही. जिममध्ये आरसा आहे, आरशासमोर मी उभी होते, आणि मला सांगता येत नाही.

दुपारी स्नेहलचा फोन आला तेव्हा मी झोपेत होते. मला वाटलं उशीर झाला, चार वाजले. "मावशी, आई उठत नाहीये." मी म्हणाले, "झोपू दे तिला, आराम करतेय, संध्याकाळी स्पर्धा आहे." मी असं म्हणाले, ताई. पोर ओरडली तेव्हा मला कळलं.

जेवून तू आरशासमोर केस बांधत होतीस म्हणे. रबरबँड दातात होतं. तशीच खाली बसलीस. स्नेहलला वाटलं पिन पडली म्हणून वाकलीस.

डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी नीट बसवून सांगितलं. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुगलेली होती, ती फुटली. अशी फुगी वर्षानुवर्षं असू शकते आणि माणसाला पत्ता नसतो. स्नेहलनं लगेच विचारलं, "सकाळी वजनं उचलली होती. त्यानं झालं का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं काय काय केलं ते. ते म्हणाले, "हे तर हलकं आहे. त्यांना याची सवय होती. त्यानंतर त्या घरी गेल्या, आंघोळ केली, जेवल्या. अशी वाहिनी झोपेतही फुटते, शिंकतानाही फुटते. मी व्यायामाला दोष देणार नाही." मग म्हणाले, "पण कशामुळे आजच, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

स्नेहलनं त्यातलं शेवटचं तेवढंच ऐकलं. मीही.

दिवे लागायच्या सुमाराला तू गेलीस. बाहेर सगळी गावठाणातली माणसं जमली होती. दाजी भिंतीला टेकून उभे होते, कुणी खांद्यावर हात ठेवला तरी त्यांना कळत नव्हतं. स्नेहल माझ्यासमोर आली. ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, संध्याकाळी स्पर्धा होती ना? मग सकाळी कशाला उचलायला लावलंस तिला?"

मी तुला लावलं? ताई, मी? मी तर झोपायला निघाले होते. हे मला तिला सांगता आलं असतं. पण मेलेल्या आईच्या नावावर ते टाकायचं कसं? मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांनी आपापला लावला.

दुसऱ्या दिवसापासून जिमला कुलूप. बाया सवयीनं सकाळी यायच्या, शटरपाशी घोळका करून उभ्या राहायच्या आणि परत जायच्या. कुणीतरी पसरवलं की शैलाबाई वजन उचलतानाच गेल्या. सुनंदाची सासू तिला पाण्याची बादलीसुद्धा उचलू देईना. तुला हे ऐकून केवढा राग आला असता! मी कामावर जात होते. हातात पार्ट घ्यायचे, माप बघायचं गेज लावायचे, ठेवायचे. एकदा सुपरवायझर येऊन म्हणाला, "ताई, तुम्ही हाच पार्ट मघापासून तपासताय." खरंच, मी तोच लावून काढत होते. पुन्हा पुन्हा बघितलं तरी तो बरोबरच होता.

तेराव्याला मी आले होते. लांब बसले होते. स्नेहलनं पान वाढलं, वर बघितलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी दारावर दाजी. ते आमच्याकडे कधी आलेच नव्हते. माझे मिस्टर गडबडून खुर्ची पुसायला लागले. दाजी बसले नाहीत. हातात गाळ्याची किल्ली होती.

"वंदनाताई, त्या दिशी तिनं सकाळी काय केलं, ते मला करून दावा."

मी म्हणाले, "दाजी, आता कशाला?"

"लोकं येऊन मला सांगत्यात. कुणी म्हणतं मनभर उचललं, कुणी म्हणतं दीड मन. मी तिला विचारलं न्हाई कधी, ती काय करती. आता मला बघायचं हाय. जसंच्या तसं."

खाली आलो. शटर वर गेलं. आत बंद हवेचा वास, आणि भिंतीपाशी चेंडू, तू ठेवला होतास तसाच. स्नेहलही आली होती, दारात उभी राहिली, आत आली नाही.

मी बारवर त्या लहान प्लेटा लावल्या.  खांद्यावर बार घेतला, खाली बसले, वर उठले. दाजी स्टुलावर बसून बघत होते, कोर्टात बसल्यासारखे. मी सांगत होते, आता थांबायचं. आता ती स्थळाचं सांगत होती. आता पुन्हा. आता रिकामा बार. आता उड्या. माझ्याच्याने उड्या होईनात, मी रडत होते, आणि दाजी म्हणाले, "उड्या किती?" आणि मी रडत उड्या मारल्या. चेंडू भिंतीवर टाकला. मग ठेवला.

"आणि?"

"आणि काही नाही. एवढंच. मग ती घरी गेली."

दाजी उठले. बारपाशी गेले. माझ्याकडे न बघता त्यांनी तो उचलला, प्लेटांसकट. छातीपर्यंत घेतला, तसाच धरून उभे राहिले. त्यांनी आयुष्यभर कडब्याचे भारे, खताची पोती, दुधाचे कॅन उचलले आहेत. त्यांनी बार खालीवर करून पाहिला.

"एवढंच?" ते म्हणाले. मग दाराकडे वळून, "स्नेहल, हे बघ. हिकडं ये. एवढंच व्हतं."

ती आली. त्यांनी बार तिच्या हातात दिला. तिला तो पेलला. तिनं तो बराच वेळ धरून ठेवला आणि मग खाली ठेवला, अगदी हळू, आवाज न करता. माझ्याजवळ आली.  माझ्या खांद्याच्या घामावरच तिनं तोंड ठेवलं. त्या पोरीचं डोकं तुझ्यासारखंच जड आहे, ताई.

दाजी मात्र अजून बारकडेच बघत होते. म्हणाले, "मंग ह्याच्या फुडं काय असतं?"

"पुढं आराम. आणि संध्याकाळी गोळा."

"मंग संध्याकाळी येतो."

मला वाटलं बोलून गेले. पण चारला ते स्नेहलला घेऊन मैदानाच्या गेटवर हजर होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. हातात कापडी पिशवी, पिशवीत तुझा गोळा. कपाटातून शोधून आणलेला. स्पर्धा नव्हती, कुणी पंच नव्हते, पलीकडे मुलं क्रिकेट खेळत होती.

वॉर्मअप केला आणि मी तुझा गोळा मानेला लावला. ताई, आता तू ऐक. माझं मन त्या वेळी मेलेलं होतं. मला फेकायचं नव्हतं, जिंकायचं नव्हतं, तिथं असायचंही नव्हतं. आणि तरी पायात सकाळचं काहीतरी होतं. ताणलेलं, हलकं. मी वर्तुळात वळले तेव्हा अंग माझ्या आधी वळलं. गोळा गेला तो मी आजवर टाकला नव्हता इतका लांब. मी वर्तुळात तशीच उभी राहिले. एका फेकीनं काही ठरत नाही, हे मी तुला आत्ताही म्हणेन. रडून रडून अंग मोकळं झालं असेल, रागानं झालं असेल. पण तू समोर असतीस तर मी निदान त्या दिवशी वाद घातला नसता.

स्नेहलनं वर्तुळापाशी टेपचं टोक धरलं, दाजी दुसरं टोक घेऊन गोळा पडला तिथं गेले. मातीतल्या खळग्याकडे बघत त्यांनी विचारलं, "ती हितं टाकायची का?"

"नाही दाजी. पुढं."

ते दोन पावलं पुढे गेले. "हितं?"

"अजून पुढं."

"हितं?"

"अजून थोडं."

ते जात राहिले, टेप हातातून सुटला तरी. मला हवी ती जागा आली तेव्हा मी हात वर केला. ते थांबले आणि मागे वळून वर्तुळाकडे बघितलं, जिथं तू उभी राहायचीस. बराच वेळ बघितलं. क्रिकेटचा चेंडू त्यांच्या पायाशी येऊन थांबला, मुलं "काका, बॉल" म्हणून ओरडली, त्यांना ऐकू गेलं नाही.

"एवढ्या लांब?" ते म्हणाले.

मी म्हणाले, "हो दाजी. एवढ्या लांब."

आणि ते तिथून हलेनात.